तिसऱ्या मजल्याचं मागचं दार

शिवणकारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या दाराला सात वर्षं कुलूप होतं. तपासणीला आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी ते कुलूप हातात धरलं आणि मॅनेजर साहेबांना विचारलं, "याची किल्ली?"

किल्ली तळमजल्यावरच्या ऑफिसात होती. ऑफिसातल्या कपाटात होती. आणि त्या कपाटाची किल्ली साहेबांच्या घरी होती.

अधिकाऱ्यांनी वही काढली. ते नुसते लिहीत राहिले, तेही बराच वेळ. ते बघूनच साहेबांना घाम फुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारवाल्या ताईंना फोन गेला.

ताई पंधरा वर्षं हेच काम करत होत्या. दवाखाने, सिनेमागृहं, वसतिगृहं, जिथे जिथे माणसं गोळा होतात तिथली संकटकाळी बाहेर पडायची दारं त्या बसवायच्या. त्यांच्या सासूबाई नवीन ओळख झालेल्या माणसाला कौतुकाने सांगायच्या, "आमची सून दारं उघडते."

"अहो आई, असं सांगू नका. लोकांना वाटेल मी घरफोड्या करते."

"मग काय सांगू?"

ताईंनी एक-दोन नावं सुचवली, पण सासूबाई तेच सांगत राहिल्या.

तिसऱ्या मजल्यावर एकशे साठ मशिनं होती. सगळी एकदम चालू असली की पायाखालची फरशी बारीक थरथरायची. हवेत कापडाचा पिंजलेला भुसा, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे, आणि मागच्या दारासमोर छातीएवढा कापडाच्या गठ्ठ्यांचा ढीग. ताईंनी आधी तो ढीग हलवायला लावला. मग कुलूप काढलं, गंजलेली कडी कापून टाकली आणि दोन दिवस खपून दार नवं केलं. कंबरेच्या उंचीवर आडवा दांडा. चौकटीच्या वरच्या बाजूला ताकदवान चुंबक, दार घट्ट धरून ठेवणारं. बाजूला बोटाएवढा सेन्सर, दारावरचं छोटं चुंबक जवळ आहे की लांब यावरून दार बंद आहे की उघडं हे सांगणारा. वर लाल दिवा आणि भोंगा. सगळ्याच्या तारा एका पॅनेलमध्ये गेलेल्या, आणि प्रत्येक हालचालीची वेळेसकट नोंद ठेवायचं काम त्या पॅनेलचं.

"नीट ऐका," ताईंनी मशिनं थांबवून सगळ्यांना सांगितलं. "दांडा दाबला की भोंगा ओरडणार. पंधरा सेकंदांनी दार उघडणार. पण आगीची सूचना मिळाली किंवा वीज गेली, तर थांबायचं नाही. चुंबक त्याच क्षणी सुटतं, दार लगेच उघडतं."

"एरवी पंधरा सेकंद कशाला हो?" मागून कोणीतरी विचारलं.

"उगाच बाहेर पळणाऱ्याला जरा लाज वाटायला वेळ मिळावा म्हणून."

सगळा मजला हसला. हसले नाहीत ते फक्त कटिंग मास्तर. उंच टेबलापाशी उभे राहून, चष्म्याच्या वरून, ते त्या दाराकडे असं बघत होते जसं एखाद्या अवघड गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप नजरेनेच घ्यावं.

पहिल्या आठवड्यात भोंगा त्रेचाळीस वेळा वाजला. कोणाचा धक्का लागला, कोणी गंमत म्हणून दाबला, एकीने दांड्यावर ओला टॉवेल वाळत घातला. मग भोंगा एकाएकी गप्प झाला. पुढचे नऊ दिवस पॅनेलमध्ये एकही नोंद नाही. साहेब खूश. त्यांनी ताईंना फोन करून सांगितलं, "लागली हो शिस्त सगळ्यांना!"

ताईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्रेचाळीसवरून एकदम शून्य? माणसं इतक्या लवकर सुधारत नाहीत, हा त्यांचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. त्या पिशवी उचलून तडक कारखान्यात आल्या आणि मागच्या अंगणातून लोखंडी जिना चढायला लागल्या. दुसऱ्याच वळणावर चहाचे चार रिकामे कप. पुढच्या पायरीवर ताजा दोऱ्याचा गुंता. दारापाशी पोचून त्यांनी ते कडेला धरून हलकेच ओढलं, आणि दार गुपचूप उघडलं. भोंगा नाही, दिवा नाही.

चौकटीवर सेन्सरच्या शेजारी टाचण्या ठेवायची चुंबकाची वाटी चिकटपट्टीने बसवली होती. बिचाऱ्या सेन्सरला वाटत होतं, दार बंदच आहे. आणि वर, मोठं चुंबक आणि दाराची लोखंडी पट्टी यांच्या मध्ये, कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचे तीन पदर. चुंबक दार धरत होतं, पण नुसतं नावाला; दांड्याला हात न लावता जरा ढकललं की दार सुटायचं.

ताईंनी ते कापड सोडवलं आणि उजेडात धरलं. कडा इतक्या सरळ की पट्टी लावून बघावं. त्या थेट उंच टेबलापाशी गेल्या.

"मास्तर, माप छान घेतलंत."

मास्तरांची कात्री थांबली. "कशावरून मी?"

"चारही कोपरे बघा. एवढी सरळ कात्री या मजल्यावर दुसऱ्या कोणाची चालते?"

मास्तर बावीस वर्षं त्या टेबलापाशी उभे होते. या बावीस वर्षांत चुकलेल्या कापावरून त्यांना चारदा बोलणी बसली होती, पण सरळ कापाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. नाही म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते तिथेच विरघळलं.

"आतल्या पदराला जरा तिरकं गेलंय," ते पुटपुटले. "घाईत केलं."

"का केलंत पण?"

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेदहाला दोन मिनिटं होती. "चला माझ्याबरोबर. स्वतःच बघा."

साडेदहाला चहाची सुट्टी झाली. दहा मिनिटांची. ताई आणि मास्तर पुढच्या जिन्याने निघाले. तीन मजले उतरायचे, खाली पिशव्या तपासायची रांग, मग सगळ्या इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात कँटीन. ताईंनी हातात घड्याळ धरलं होतं. कँटीनच्या खिडकीपाशी पोचले तेव्हा साडेचार मिनिटं झाली होती. परत जायला तेवढीच. उरलं एक मिनिट.

"ह्या एका मिनिटात आम्ही चहा प्यायचो," मास्तर म्हणाले. "माझी जीभ बघा. कशाचीच चव कळत नाही."

खिडकीतून कँटीनच्या काकूंनी दोन कप पुढे सरकवले. काकू म्हणजे ठेंगणी, गोल, घामाने कपाळ चकाकणारी बाई, आणि आवाज असा की कप आपोआप हलावेत. "मास्तर, फुंकर मारून प्या! त्या दिवशीसारखं ठसकलात तर पाठीवर थापा मारायला मी बाहेर येणार नाही! आणि ह्या बाई कोण? साखर किती?"

"एक चमचा," ताई म्हणाल्या, आणि पहिल्याच घोटाला त्यांची जीभ भाजली.

त्या तशाच भाजलेल्या जिभेने मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिन तिसऱ्या मजल्याच्याच मागच्या कोपऱ्यात, काचेची, खिडकी अंगणावर उघडणारी. सगळं ऐकून घेऊन साहेबांनी मान हलवली. "म्हणजे तुमचं म्हणणं, दार उघडं ठेवायचं? मग कोणीही केव्हाही बाहेर जाईल."

"केव्हाही नाही. साडेदहा ते दहा चाळीस, आणि साडेतीन ते तीन चाळीस. पॅनेलला घड्याळ आहे. तेवढा वेळ दार मोकळं, बाकी वेळ ओरडणार. पिशव्या तपासणारा माणूस त्या वेळी मागच्या जिन्याखाली उभा करा."

"आणि नाही केलं तर?"

"तर मास्तर पुन्हा कात्री घेतील, आणि या वेळी आतला पदरही सरळ येईल. मग ते अधिकारी परत आले की वही काढतील."

वहीचं नाव निघताच साहेबांनी होकार दिला. केबिनमध्ये भोंग्यासाठी एक स्पीकर बसवायची ताईंची सूचना मात्र त्यांनी उडवून लावली. "इथे नको. माझे सारखे फोन चालू असतात."

दाराचं घड्याळ लागलं तशी टाचण्यांची वाटी टाचण्यांकडे परत गेली. आता नोंदवही खरोखर स्वच्छ यायला लागली. ताईंना वाटलं, झालं आपलं काम. उरली फक्त एक आगीची तालीम. एका बुधवारी सकाळी अकराला त्यांनी पॅनेलवरचं बटण दाबलं. भोंगा मजलाभर किंचाळला, लाल दिवे लुकलुकायला लागले, चुंबक खट्‌कन सुटलं.

कोणीही उठलं नाही.

"परत बिघडलं वाटतं ते दार," एक जण म्हणाली आणि तिने कानात कापसाचा बोळा घातला. दुसरीने बॉबिन बदलली. मास्तर म्हणाले, "हा एवढा थर कापतो, मग बघू." ताई हातवारे करत होत्या, ओरडत होत्या, पण भोंग्यापुढे त्यांचा आवाज पोचतो कुठे! त्रेचाळीस वेळा खोटं ओरडलेल्या भोंग्यावर चव्वेचाळिसाव्या वेळी कोण विश्वास ठेवणार? घड्याळात चार मिनिटं झाली. खरी आग असती तर... तो विचार ताईंनी पुरा केला नाही.

तेवढ्यात उघड्या दारातून काकू आत आल्या. हातात किटली, चेहरा लालबुंद.

"काय चाललंय काय हे? कानठळ्या बसल्या माझ्या! आणि तुम्ही बसलात काय अशा ढिम्म? उठा! मशिनं बंद करा! चला खाली, सगळे! मास्तर, ती कात्री ठेवा आधी!"

एकशे साठ मशिनं एका दमात थांबली. मास्तरांनी कात्री ठेवली. खुर्च्या मागे सरकल्या, रांग लागली, आणि दोन मिनिटांच्या आत अख्खा मजला रिकामा झाला. ताई एकट्याच हातात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. काकूसुद्धा निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या घरी रोजचाच प्रकार चालला होता. नवऱ्याच्या उशाशी मोबाइलचा गजर वाजत होता, नवरा तो बंद करून कूस बदलत होता, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सहा वेळा झालं. मग स्वयंपाकघरातून सासूबाई साध्या आवाजात म्हणाल्या, "बाळ्या, सात वाजले."

पंचेचाळीस वर्षांचे बाळ्या ताडकन उठून बसले.

ताईंचा कप तोंडाशीच थांबला. "आई, परत म्हणा बरं."

"काय म्हणू? उठला की तो."

त्याच दिवशी दुपारी ताई कँटीनमध्ये हजर. त्यांच्या पॅनेलला भोंग्याच्या जागी आवाज वाजवायची सोय होती. आयता भरून आलेला आवाज इतका गोड होता की लोकांना वाटावं, दुकानात सूट जाहीर करताहेत. म्हणून ताईंनी तो कधी वापरलाच नव्हता. आता त्यांनी काकूंसमोर मोबाइल ठेवला आणि सगळं सामान सोडून मागच्या दाराने अंगणात जायला लोकांना सांगायचंय, हे समजावून सांगितलं.

काकू लाजल्या. चक्क लाजल्या. हात पुसले, केस सारखे केले, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "सन्माननीय कामगार बंधू आणि भगिनींनो, आपणांस नम्र विनंती आहे की—"

"काकू, असं नको. काल बोललात तसं बोला."

"काल मी चिडले होते." काकूंनी पदार्थ झाकायची जाळी उगाचच इकडची तिकडे केली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगू? लहानपणापासून मला सगळे हेच सांगत आले, हळू बोल. शाळेत बाई म्हणायच्या, घरी आई म्हणायची. लग्नानंतर सासरे म्हणाले, सूनबाई, शेजारी आपल्याच घरात राहत असल्यासारखं सगळं ऐकतात. आता या मशिनीसमोर मोठ्याने बोला म्हटल्यावर घशातून आवाजच निघेना."

"सावकाश होऊ द्या," ताई म्हणाल्या. "मी बसते."

त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा काकूंचा आवाज एखाद्या बक्षीस समारंभातल्या पाहुणीसारखा निघाला. चौथ्या वेळी कँटीनच्या दारात मास्तर येऊन उभे राहिले. अवेळी, आणि हातात कापायचं कापड घेऊन. त्यांनी ते कापड काकूंच्या नुकत्याच पुसलेल्या टेबलावर अंथरलं, समोर बसकण मारली आणि त्यावर खडूने रेघ मारायला घेतली.

"अहो मास्तर!" काकू कडाडल्या. "काय बसलात तिथे? उठा! उठा म्हणते ना! हातातलं टाका तिथेच! सगळं राहू दे, डबे राहू दे, चपला राहू दे! मागच्या दाराने निघा आणि अंगणात जाऊन उभे राहा! चला, चला, चला!"

ताईंनी मोबाइल उचलला. "झालं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. मास्तर तोवर कापडाची घडी घालून, गालातल्या गालात हसत, खरंच अंगणात जाऊन उभे होते.

फक्त "अहो मास्तर" तेवढं ताईंनी कापून टाकलं आणि मजल्यावर जागोजागी स्पीकर बसवले. नव्या तालमीत मजला एक मिनिट पन्नास सेकंदांत रिकामा झाला. पोरी हसत हसत उतरल्या. पुढे कितीतरी दिवस त्या एकमेकींना "डबे राहू दे, चपला राहू दे" म्हणत होत्या, आणि काकू खिडकीतून लाटणं दाखवत होत्या.

मग पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी, दुपारी पावणेतीनला, पुढच्या जिन्याशेजारच्या इस्त्रीच्या टेबलावर एक इस्त्री चालूच राहिली. खालच्या गादीत वर्षानुवर्षांचा कापसाचा भुसा भरलेला. आधी धुराची तिरकी राखाडी रेघ निघाली, मग भडका, आणि बघता बघता पुढच्या जिन्यात धूर कोंडला.

छतावरच्या धुराच्या सेन्सरने तो हेरला. मागच्या दाराचं चुंबक सुटलं आणि मजल्यावरच्या सगळ्या स्पीकरांतून काकू कडाडल्या, "काय बसलात तिथे? उठा!"

आधी कोणी कोणी सवयीने हसलं. मग वास आला आणि हसू थांबलं, पण पाय थांबले नाहीत. पाठ झालेलं होतं सगळं. डबे राहिले, चपला राहिल्या. मास्तरांनी कात्री अर्ध्या कापात तशीच सोडली. बटणांची काजं करणारी, पायाने अधू असलेली एक बाई होती, तिला त्यांनी आणि दुसऱ्या एकीने दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. धूर पुढच्या बाजूला कोंडत होता आणि माणसं मागून मोकळ्या हवेत उतरत होती.

खाली काकू चहाचं पाणी ठेवत होत्या. वरून आवाज आला तशा त्या दचकल्या. "कोण गं ही माझ्यासारखी ओरडतेय?" म्हणेपर्यंत जिन्यावर माणसांची रीघ लागली. काकूंनी शेगडी बंद केली आणि अंगणात धावल्या.

माणसं मोजायचं काम पर्यवेक्षकांचं, आणि त्यांची यादी वर टेबलावर राहिलेली. काकूंना यादी लागली नाही. त्या रांगेवरून नजर फिरवत बोटांवर मोजत होत्या. "दोन चमचे, दोन चमचे, आल्याचा, अर्धा कप, दूध जास्त, काळा चहा, दोन चमचे..." एकशे सत्तर चहा त्यांना तोंडपाठ होते. शेवटच्या माणसापर्यंत जाऊन त्या थांबल्या. चेहरा उतरला.

"बिनसाखरेचा कुठे आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बिनसाखरेचा म्हणजे मॅनेजर साहेब.

साहेब केबिनमध्ये होते. काचेचं दार बंद, पाठ मजल्याकडे, कानांवर हेडफोन, आणि पलीकडे एक मोठं गिऱ्हाईक. मास्तर जिन्याकडे वळले तशी काकूंनी त्यांची बाही धरली. "आता वर कोणी जायचं नाही!" मग त्या केबिनच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि आयुष्यात ज्याला ज्याला म्हणून 'हळू' म्हटलं गेलं होतं तेवढा सगळा आवाज एकदम सोडला.

"ओ साहेब! ठेवा तो फोन! मागच्या दाराने खाली या! आत्ताच्या आत्ता!"

शेजारच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. वरच्या खिडकीत साहेबांचा चेहरा दिसला, मग तो मागे वळला, मग नाहीसा झाला. अंगणात सगळ्यांच्या माना वर होत्या. मोजून वीस सेकंदांनी साहेब लोखंडी जिन्यावर अवतरले. धुरामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हेडफोन गळ्यात लोंबत होते. "मी नंतर करतो तुम्हाला फोन," ते अजून सांगत होते.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेब शेवटची पायरी उतरले, काकूंसमोर आले आणि शाळकरी मुलासारखे म्हणाले, "आलो."

"रांगेत उभे राहा," काकू म्हणाल्या.

बंब आला, अर्ध्या तासात आग विझली. एक टेबल, काही गठ्ठे आणि पुढच्या भिंतीचा रंग, एवढंच गेलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ताई आल्या. काळवंडलेल्या भिंतीपाशी उभं राहून त्यांनी पॅनेलमधली नोंद वाचली: धुराची पहिली सूचना दोन वाजून सेहेचाळीस मिनिटं दहा सेकंद; दार उघडलं ते त्यानंतर अकराच सेकंदांनी. त्या खाली उतरल्या आणि कँटीनमध्ये जाऊन काकूंचा हात नुसता हातात घेऊन बसल्या. शेवटी काकूंनीच विचारलं, "एकच चमचा ना?"

त्यानंतर ताईंच्या कामाची पद्धतच बदलली. नव्या जागी गेल्या की दार, जिना, तारा हे सगळं बघायच्या आधी त्या एक प्रश्न विचारायच्या: "इथे कोणाचं ऐकतात?" एका वसतिगृहात उत्तर मिळालं, सगळ्यात लहान चणीची धोबीण. एका दवाखान्यात दोन परिचारिकांची त्यावरून जुंपली आणि ताईंना दोघींचेही आवाज घ्यावे लागले.

मागच्या आठवड्यात त्या एका मोठ्या ग्रंथालयात गेल्या. प्रश्न ऐकून तिथली माणसं एकमेकांकडे वळली. मग सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. खिडकीपाशी एक उंच, वाकलेले माळीबुवा कुंड्यांना पाणी घालत होते.

"मी?" माळीबुवा कुजबुजले. "अहो, मी तर बोलतच नाही."

ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि एक खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.